एक रेघ कमी

“थांबलं का हो ताई, तुमचं यंत्र?”

बाविस्कर अप्पांनी हे इतक्या साधेपणाने विचारलं, की टोमणा आहे की चौकशी, तेच कळेना. मी पडद्याकडे बघत होते आणि पडदा माझ्याकडे. मधे कर्सर तेवढा लुकलुकत होता.

“थांबलं नाही, अप्पा. विचार करतंय.”

“करू द्या, करू द्या. गाडी बाकी विचार करत नाही. ती येतेच.”

असं म्हणून त्यांनी कानाच्या हेडफोनमध्ये “हां मोरदरा, बोला” म्हटलं, पट्टी सरकवली, समोरच्या तक्त्यावर पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढली आणि अप पॅसेंजरचा प्रश्न निकालात काढला. याच प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रोग्रॅमने क्षणात द्यावं, म्हणून मी चार वर्षं डोकं झिजवलं होतं. उत्तर आलं एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांनी. बरोबर आलं, हे आपलं सांगून ठेवते. पण तोवर पॅसेंजर मोरदऱ्याहून सुटलीसुद्धा होती.

माझ्या मागे नाईकनवरे साहेब हाताची घडी घालून उभे होते. गाड्यांच्या वाहतुकीचे सगळ्यात मोठे अधिकारी तेच. त्यांच्या शेजारी परचुरे बाई, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई रागावल्या की बोलत नसत, चष्मा पुसत.

“एरवी क्षणात देतो, सर,” मी म्हणाले. “हजारातून एखाद्या वेळी—”

“मिस कारखानीस, ती एखादी वेळ कधी येणार, हे तुम्ही आम्हाला आधी कळवणार आहात का?” साहेबांनी विचारलं.

खोलीतले सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. ते दुसऱ्याच एका कोऱ्या कागदावर काहीतरी ओढत बसले होते.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली. एका रेल्वे विभागाच्या कंट्रोल ऑफिसातली. कुठल्या, ते राहू द्या. एकेरी मार्ग होता, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. कंट्रोलरच्या टेबलावर हा एवढा मोठा तक्ता असायचा. आडव्या रेषा म्हणजे स्टेशनं, उभ्या रेषा म्हणजे वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जाणारी एका अंगाला कललेली, येणारी दुसऱ्या. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन गाड्या समोरासमोर येणार. तो छेद स्टेशनाच्या रेषेवर पडला तर ठीक, तिथे बाजूचा रूळ असतो. दोन स्टेशनांच्या मधे पडला, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

माझं सगळं संशोधन या छेदांचं. नवी रेघ टाकायची म्हटली, की ती कुणाकुणाला कुठे छेदते, ते झटकन सांगायचं. दोन-चार रेघा असत्या तर शाळेतल्या मुलानेही सांगितलं असतं. पण प्रत्येक गाडीच्या रेघेचे स्टेशनागणिक तुकडे, त्यात आठवड्याभराच्या गाड्या, त्यात ‘ही अशी थांबवली तर काय’ अशा शेकडो शक्यता, असे मिळून लाख-सव्वा लाख तुकडे व्हायचे. आणि ते एका जागी गप्प बसतील तर शपथ! गाडी उशिरा आली की तिच्या जुन्या रेघा काढा, नव्या घाला. मी त्यांच्यासाठी खणांत खण, त्या खणांत आणखी खण असं एक कपाट रचलं होतं. नवी रेघ आपल्या खणात पटकन जायची. काढायची रेघ मात्र मी खरोखर काढत नसे. तिच्यावर नुसती फुली मारायची. फुल्या निम्म्यावर गेल्या, की अख्खं कपाट रिकामं करून नव्याने लावायचं. सरासरी काढली तर काम झकास वेगाने व्हायचं. पण ज्या क्षणी कपाट लावायला घेतलं जाई, त्या क्षणी दारात कुणी उभं असलं, तर त्याने उभंच राहायचं.

त्या दिवशी दारात अप पॅसेंजर उभी होती.

“येत्या सोमवारी पुन्हा दाखवा,” साहेब म्हणाले. “एकदाच. त्यात थांबलं, तर हा प्रयोग बंद. आम्हाला आमची पेन्सिल बरी.”

बाहेर पडल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “हेमांगी, मी मार्चअखेर निवृत्त होतेय. सोमवारी फसलं तर हा विषय गेला, आणि पाचव्या वर्षी नवा विषय घेऊन येणारी विद्यार्थिनी दुसरं कोण घेणार? जरा विचार कर.”

विचार कसला करणार? मला नुसतं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा कंट्रोलमध्ये जाऊन बसले. काय करणार हे ठाऊक नव्हतं, पण प्रयोगशाळेत बसून कपाळ बडवण्यापेक्षा ते बरं. अप्पांनी काही न विचारता एक स्टूल सरकवलं आणि चहा सांगितला. त्यांचं पूर्ण नाव लोटन बाविस्कर. पन्नाशी ओलांडलेली, बांधा आडवा, चालताना उजवा पाय जरासा ओढत. सकाळी आठ ते चार त्यांची पाळी. प्रत्येक पाळीला नवा तक्ता लागायचा. चारला अप्पांचा तक्ता उचलायचा आणि पुढच्या कंट्रोलरसमोर त्याचा मांडायचा. चारनंतरही वाटेतच असणाऱ्या गाड्यांच्या रेघा अर्थातच नव्या तक्त्यावर उतरवाव्या लागत.

बाकीचे कंट्रोलर हे काम पावणेचारला घाईघाईने उरकायचे. अप्पांचं निराळंच होतं. ते बारालाच कोरा तक्ता शेजारी पसरून ठेवायचे. मग एक नवी रेघ जुन्या तक्त्यावर ओढली, की लगेच दोन जुन्या रेघा नव्या तक्त्यावर. पुन्हा फोन, पुन्हा एक नवी, पुन्हा दोन जुन्या. जी नवी रेघ चारच्या पलीकडे जाणारी, ती तेव्हाच दोन्हीकडे. शेवटी दोन्ही तक्त्यांवरून पेन्सिलीचं टोक फिरवत बसायचे. ओठ हलायचे. मला वाटलं, जप करताहेत.

“अप्पा, हे एकदम का नाही उतरवत? दहा मिनिटांचं तर काम.”

“त्या दहा मिनिटांत फोन वाजला तर?”

“तर... थोडा वेळ थांबायचं त्यांनी.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या यंत्रासारखं?”

मी चहाचा कप तोंडाशी नेला आणि तो तिथेच राहिला.

एक नवी, दोन जुन्या. एक नवी, दोन जुन्या! कपाट एकदम रिकामं करायचंच कशाला? जुनं कपाट वापरात ठेवायचं, शेजारी नवं मांडायचं आणि येणाऱ्या प्रत्येक रेघेमागे दोन जिवंत रेघा हळूच पलीकडे न्यायच्या. कुणालाच थांबायला लागणार नाही. जुन्यात फुल्यांची गर्दी व्हायच्या आत नवं तयार!

“अप्पा!” मी ओरडलेच. दोन टेबलं पलीकडच्या कंट्रोलरने हेडफोन काढून वळून पाहिलं. “अप्पा, तुम्ही काय केलंत तुम्हाला ठाऊक आहे का?”

“काय केलं?” ते बिचारे दचकून तक्ता तपासायला लागले.

मी पिशवी उचलली आणि पळत सुटले. सहा आसनी रिक्षात सातवी म्हणून बसले, विद्यापीठाच्या फाटकाशी उतरले आणि तिथून बाईंच्या खोलीपर्यंत धावत गेले. धापा टाकतच सगळं सांगितलं. हवेत हातवारे करून दोन कपाटं काढून दाखवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठल्या, कपाटातून एक परदेशी पुस्तक काढलं आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. हीच युक्ती. दहा-बारा वर्षांपूर्वीची, सिद्धतेसकट.

“आणि समासात बघ,” बाई म्हणाल्या.

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘केवळ सैद्धांतिक. उपयोग नाही.’ अक्षर माझंच होतं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई मात्र हसत सुटल्या. इतक्या, की चष्मा काढावा लागला, पण या वेळी डोळे पुसायला. “अगं वेडे, तू हे वाचलं होतंस. समजलं आज. जा, लिहायला बस!”

रविवार संध्याकाळपर्यंत मी लिहीत होते. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच झालं असेल. एकेक ओळ जागेवर बसत होती. जेवायचं भान नव्हतं, मधेच उठून प्रयोगशाळेत एकटीच फेऱ्या मारायची आणि मोठ्याने म्हणायची, “एक नवी, दोन जुन्या!”

सोमवारी अकराला चाचणी सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात मी दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक, फुल्यांची टक्केवारी. दुसरा, एक लाल ठिपका. नवं कपाट पुरं झालं की तो हिरवा होणार. मग एक कळ दाबली की जुनं कपाट पुसलं जाणार. ते आपोआप पुसायचं धाडस काही मला झालं नव्हतं.

पहिला तासभर सगळं सुरळीत चाललं. टक्केवारी बत्तीस, तेहतीस. साहेब जांभया देत होते. आणि बाराला दहा मिनिटं असताना अप्पा एकदम ताठ झाले.

“काय? परत बोला, मोरदरा... मेन लाइनवर? पूर्ण बंद?”

मोरदरा स्टेशनात, मुख्य रुळावरच, एका मालगाडीचं इंजिन बंद पडलं होतं. आता तिथे बाजूचा एकच रूळ उरला. म्हणजे मोरदऱ्याला कुठल्याही दोन गाड्यांचं क्रॉसिंग होणार नव्हतं, आणि सकाळपासून आखलेल्या निम्म्याहून जास्त रेघा एका फोनसरशी रद्द!

“शेळकुंडहून सुटं इंजिन सोडा मोरदऱ्याला, मालगाडी ओढायला,” अप्पा एका फोनवर सांगत होते, दुसऱ्यावर वाकडी स्टेशनला “एक्स्प्रेस धरून ठेवा,” आणि मला, “ताई, घ्या लिहून!”

मी कळा बडवत होते. काढ, घाल, विचार. काढ, घाल, विचार. टक्केवारी चाळीस. शेळकुंडहून सुटलेल्या इंजिनाची नोंद टाकली. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. बाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. पन्नास!

आणि काहीही झालं नाही.

उत्तरं येत राहिली. “एक्स्प्रेस वाकडीला बावीस मिनिटं थांबवली तर?” विचारायच्या आत पडद्यावर छेद हजर. अप्पा पट्टी लावून पडताळत होते आणि मान डोलावत होते. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात थरारक घटना, आणि ती घडली हे खोलीत फक्त दोघींना कळलं. बाईंनी माझा खांदा इतका जोरात दाबला, की तो दोन दिवस दुखत होता.

एकच्या सुमारास ठिपका हिरवा झाला. मी नव्या कपाटावर आले. पडद्यावर सगळ्या रेघा स्वच्छ, ताज्या.

“वा!” साहेब म्हणाले. खिशातून पेन निघालं. “मॅडम, आणा ते मंजुरीचे कागद. मिस कारखानीस, मान गये.”

“साहेब, एक मिनिट,” अप्पा म्हणाले. ते माझ्याकडे वळले. “ताई, तक्ता बदलला ना तुमचा? मग मोजलं का?”

“काय मोजलं?”

“रेघा. जुन्यातल्या आणि नव्यातल्या.”

म्हणजे तो जप नव्हता तर. “अप्पा, त्याची गरज नाही. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. पुस्तकात आहे.”

“पुस्तकात असेल. पण मोजा ना.”

खरं सांगते, मला राग आला. पेनाचं टोपण निघालं होतं, कागद टेबलावर होता, माझी चार वर्षं त्या टोकाखाली होती आणि हे मोजत बसा म्हणताहेत! पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी दोन ओळींची आज्ञा लिहिली. जुन्या कपाटातल्या जिवंत रेघा : एक लाख बारा हजार चारशे सत्तावीस. नव्या कपाटातल्या : एक लाख बारा हजार चारशे सव्वीस.

मी पुन्हा मोजायला लावलं. सव्वीस.

“एक कमी आहे,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले.

साहेबांनी हात झटकला. “अहो, लाखात एक! आमच्या माणसांकडून याच्या दसपट राहतं. चालतंय. द्या इकडे.”

“साहेब,” अप्पा म्हणाले. हेडफोन त्यांनी गळ्यात उतरवला होता. मी त्यांना पाळीत असं करताना पहिल्यांदाच पाहिलं. “बहात्तर साली मी कंट्रोलर नव्हतो. ट्रॉलीमन होतो. इन्स्पेक्टर साहेब रूळ तपासायला निघालेले, आम्ही चौघं ट्रॉली ढकलायला. उतार लागला म्हणून सगळे वर बसलो. त्याच वेळेला कंट्रोलमध्ये तक्ता बदलला. त्या माणसाने वीस-बावीस रेघा उतरवल्या असतील दहा मिनिटांत. चांगला माणूस होता. एक रेघ राहिली.”

फोन वाजत होता, तो कुणी उचलला नाही.

“समोरून मालगाडी आली. बाकीच्यांनी उड्या मारल्या. मला उशीर झाला जरा.” त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. “वीसमध्ये एक, असं तेव्हाचे साहेबही म्हणाले. पण त्या एका रेघेवर मी बसलो होतो.”

नाईकनवरे साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. टक्क असा आवाज झाला.

“मिस कारखानीस, किती वेळ लागेल?”

“चारला पाळी बदलते,” मी म्हणाले. “तोपर्यंत.”

कुठून आलं एवढं धैर्य, देव जाणे. सव्वा वाजला होता. बाईंनी खुर्ची ओढली, मी जुन्या-नव्याची पडताळणी सुरू केली, आणि पंधराव्या मिनिटाला राहिलेली रेघ पडद्यावर एकटी उभी राहिली. शेळकुंड ते मोरदरा. सुटं इंजिन!

नव्या कपाटात तो टप्पा मोकळा दिसत होता. मोकळा! मी विचारलं असतं तर माझ्या यंत्राने क्षणात, अजिबात न थांबता सांगितलं असतं, की सोडा गाडी, वाटेत कुणी नाही.

“सुट्या इंजिनाची नोंद कुठल्या कळेने करतेस?” बाईंनी विचारलं.

“वेगळ्या. एफ सात.” आणि म्हणतानाच मला कळलं. कपाट बदलत असताना आलेली नवी रेघ दोन्हीकडे घालायची, हे मी गाड्यांच्या नोंदीत लिहिलं होतं. सुट्या इंजिनाची वाट निराळी, दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. तिच्याकडे मी गेलेच नव्हते. अप्पा नवी रेघ दोन्ही तक्त्यांवर ओढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही!

चार ओळींची दुरुस्ती. मग सकाळी अकरापासूनच्या सगळ्या नोंदी मी पहिल्यापासून यंत्राला भरवल्या. बाई अप्पांच्या तक्त्यावरून वाचत होत्या, मी टाकत होते. टक्केवारी चढली, पन्नास ओलांडली, कुणी थांबलं नाही. चारला बारा मिनिटं असताना ठिपका हिरवा झाला.

शेजारी अप्पांचाही नवा तक्ता भरला होता. ते पेन्सिलीचं टोक फिरवायला लागले. मी मोजणीची आज्ञा दिली. साहेब दोन्हींच्या मधे उभे.

“एकोणीस,” अप्पा म्हणाले. मग दुसऱ्या तक्त्यावरून, ओठ हलवत, सावकाश. “एकोणीस.”

माझ्या पडद्यावर दोन आकडे एकाखाली एक आले. मी एकेक अंक बोट लावून वाचला. दोन्ही सारखे होते.

“टाका ताई जुना,” अप्पा म्हणाले आणि स्वतःच्या जुन्या तक्त्याची घडी घालू लागले. मी कळ दाबली. साहेबांनी टोपण काढलं, आणि सही करून झाल्यावर कागद माझ्याकडे न देता आधी अप्पांपुढे धरला. अप्पांनी त्यावर आपल्या पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळ घातली, पंधरा बावन्न.

माझा प्रबंध झाला, बाई निवृत्त झाल्या, यंत्रं कुठल्या कुठे गेली. आता माझ्या हाताखाली हुशार मुलंमुली आहेत. दरवर्षी त्यांतलं कुणीतरी येऊन सांगतं, “मॅडम, कपाट बदलल्यावरची ही मोजणी काढून टाकू या. उगाच वेळ खाते. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.”

मी काढू देत नाही. आकडे पडद्यावर येतात तेव्हा मीही त्यांच्या मागे उभी राहून मनाशी वाचते. ओठ हलतात म्हणे माझे. मुलांना वाटतं, मॅडम जप करताहेत.